३०० झेरॉक्स नकोत, ४० पत्रं लिहा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. त्यांच्या गावातल्या बायकांच्या संघात ४० जणी आहेत. वर्षभर त्या सगळ्या रात्री आठची एक मराठी मालिका न चुकता बघत होत्या. महिन्यापूर्वी वाहिनीनं ती साडेदहाला नेली आणि आता ती बंदच होणार अशी कुजबुज आहे. ताईंच्या भाच्यानं एक कडक पत्र टाइप करून दिलंय. त्याच्या ३०० झेरॉक्स काढायच्या, गावात फिरून सह्या घ्यायच्या आणि एका पार्सलमधून मालिकेतल्या नायिकेला पाठवायच्या, असा बेत आहे. घरातले म्हणतात, "तुमच्या पत्रानं काय होतंय?" ताईंचे प्रश्न असे: खरंच उपयोग होईल का? पत्र नेमकं कुणाला लिहायचं? आणि आम्ही कर्नाटकात राहतो, मुंबईत आमचं ऐकणार कोण?

उत्तर:

ताई,

पार्सल अजून पोस्टात टाकलं नसेल तर दोन दिवस थांबा. पत्रं लिहायची तुमची कल्पना चांगली आहे, ती सोडू नका. पण बेत आहे तसाच पार पडला तर झेरॉक्सचे पैसे जातील, पायपीट वाया जाईल आणि वाहिनीला तुमच्याबद्दल काहीच कळणार नाही.

आधी मालिका बंद का होते ते बघू, कारण पत्रात काय लिहायचं ते त्यावर ठरतं. मालिका तयार करते निर्मिती संस्था, पैसा देते वाहिनी, आणि वाहिनीला तो मिळतो जाहिरातींतून व वर्गणीतून. जाहिरातीचा दर टीआरपीवर ठरतो. हे मोजमाप बार्क ही संस्था करते. निवडक घरांतल्या टीव्हीला मीटर लावलेला असतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. ती ओळखून मीटर कोणती वाहिनी किती मिनिटं चालू होती ते नोंदवतो, आणि त्या वेळी घरातलं कोण टीव्हीसमोर होतं ते घरच्यांनी बटण दाबून सांगायचं असतं. २०२५ मध्ये साऱ्या देशात अशी घरं जेमतेम ५८ हजारांच्या आसपास होती. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरतात आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. त्या गुरुवारी वाहिनीच्या कार्यालयात काय वातावरण असेल ते तुम्हीच समजून घ्या. एखादी मालिका चारपाच गुरुवार खाली घसरत राहिली की तिची वेळ बदलते, तरी सावरली नाही की गाशा गुंडाळतात. कुणाचा आकस असतो म्हणून हे होत नाही. तुमच्या भाच्याच्या पत्रात "वाहिनीनं मुद्दाम डाव साधला" असं वाक्य आहे, ते पहिल्यांदा काढून टाका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. मराठी मालिकांची जी साप्ताहिक क्रमवारी लागते, ती 'महाराष्ट्र-गोवा' या बाजारपेठेच्या आकड्यांवर लागते. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी ही सगळी गावं मोजणीत कर्नाटकाच्या बाजारपेठेत जातात. म्हणजे बेळगावातल्या एखाद्या घरात मीटर असला आणि त्या घरानं तुमची मालिका रोज शेवटपर्यंत पाहिली, तरी त्या क्रमवारीत एका मिनिटाची भर पडत नाही. सीमेपलीकडच्या चंदगडातलं घर धरलं जातं, अलीकडचं तुमचं घर धरलं जात नाही.

हे वाचून वाईट वाटेल. पण "आम्ही कर्नाटकात, म्हणून आमच्या पत्राला किंमत नाही" हे जे तुम्ही धरून चालला आहात, ते मला मुळीच पटत नाही. पुण्याच्या प्रेक्षकानं "आम्ही रोज बघतो" असं लिहिलं तर वाहिनीला त्यात नवं काही नाही, पुणं आकड्यांत आहेच. तुम्ही लिहिलेलं मात्र त्यांच्या कुठल्याच क्रमवारीत नसतं. सीमाभागातली मराठी घरं मालिका कशी बघतात, किती वाजता बघतात, घरात कोण कोण बघतं, हे वाहिनीला कळायचं सर्वांत सरळ साधन तुमचं पत्र आहे. त्यामुळे मीटरला जे दिसत नाही ते लिहायचं. बाकी सगळ्या सूचना यातूनच निघतात.

दोन ठिकाणी मात्र तुम्ही मोजल्या जाता, तिथे आधी बघून घ्या. पहिलं, वर्गणी. २०१९ पासून ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडून घेता येते. आपल्याकडे केबलवाले बहुतेक वेळा कन्नड वाहिन्यांचा ठरलेला संच देतात, आणि त्यात तुमची मराठी वाहिनी असेलच असं नाही. संघातल्या प्रत्येकीनं आपल्या संचात ती आहे का ते बघावं आणि नसेल तर केबलवाल्याला सांगून घ्यावी. कोणत्या वाहिनीचे किती वर्गणीदार आहेत हे केबल आणि डीटीएच कंपन्यांना दर महिन्याला वाहिनीला कळवावं लागतं. दुसरं, वाहिनीचं स्वतःचं ॲप. तिथे कोणता भाग किती मिनिटं पाहिला आणि साधारण कुठल्या भागातून पाहिला याची नोंद होते. फेसबुकवर कुणीतरी चोरून टाकलेले तुकडे बघितले तर मालिकेच्या पदरात काही पडत नाही. सुनेच्या मोबाइलवर तेच बघत असाल तर अधिकृत ॲपवर बघा, आणि भाग अर्धवट सोडू नका.

इथे एक प्रश्न विचारते, राग मानू नका. साडेदहाला तुमच्या ४० जणींतल्या किती जणी जाग्या असतात? पहाटे पाचला दूध घालायला उठणाऱ्या बाईला साडेदहाची मालिका म्हणजे न दाखवल्यासारखीच. मग "मालिका बंद करू नका" एवढीच मागणी केलीत आणि ती मान्य झाली, तरी तुम्हाला काय मिळणार?

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९६७-६८ च्या सुमारास एनबीसी ही वाहिनी 'स्टार ट्रेक' बंद करणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्यानं देशभर पत्रमोहीम उभी केली. पत्रांचा असा पाऊस पडला की मालिका चालू राहणार असं वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावं लागलं. पण पुढच्या हंगामात तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली गेली. तिचा तरुण प्रेक्षक त्या वेळी घरात बसणारा नव्हता. १९६९ मध्ये ती बंद झाली. मालिका चालू ठेवण्याची मागणी मान्य झाली आणि वेळेनं घात केला. तुमच्या मालिकेचं दुखणं वेळेपासूनच सुरू झालंय, तेव्हा पत्रात वेळेबद्दल स्पष्ट बोला.

काय मागता येईल ते तोलून बघू. जुनी आठची वेळ परत मागणं सर्वांत अवघड, कारण तिथे दुसरी मालिका बसलेली आहे आणि तिचेही चाहते आहेत. संध्याकाळी साडेसहा-सातची वेळ मागता येते, पण त्यासाठी वाहिनीला पुन्हा फिरवाफिरवी करावी लागते. सर्वांत सोपी मागणी म्हणजे आदल्या रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी ठरलेल्या वेळी पुन्हा दाखवा. भाग तयार असतो, चित्रीकरणाचा खर्च झालेला असतो, दुपारच्या वेळेला मागणी कमी असते. "दुपारी दोनला आम्ही जेवणखाण आवरून मोकळ्या असतो, रात्री साडेदहाला झोपलेल्या असतो," हे एक वाक्य ४० पत्रांत आलं तर ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहील. तुमच्या जागी मी असते तर हीच मागणी केली असती.

मात्र उशीर करू नका. मालिकेचे भाग काही दिवस आधी चित्रित होतात आणि बंद करण्याचा निर्णय पडद्यावर दिसण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. नव्या मालिकेच्या प्रोमोवर तुमच्याच मालिकेची वेळ आणि तारीख झळकली, की निर्णय झाला असं समजा. त्यानंतर "बंद करू नका" लिहिण्यात अर्थ नाही. तेव्हा मागायचं ते हे: कथेचे धागे न तोडता नीट शेवट करा, आणि सगळे भाग ॲपवर पहिल्यापासून राहू द्या.

आणखी एक गोष्ट संघात बसून मोकळेपणानं बोलून घ्या. तुम्हाला मालिका चालू राहायला हवी आहे, की ती पहिल्या सहा महिन्यांत होती तशी हवी आहे? या दोन वेगळ्या मागण्या आहेत. कथा संपल्यावर पाणी घालून वाढवलेली मालिका तुम्हीच शिव्या देत बघता, हे तुमच्या पत्रातल्या "आता जरा ताणतात, पण बघतो" या वाक्यात आलंय. तसं असेल तर चांगला शेवट मागणं हेही प्रेमच आहे.

पत्र कुणाला लिहायचं? नायिकेला जरूर लिहा, तिला आनंद होईल. पण मालिका चालू ठेवणं तिच्या हातात नसतं, तीही आपला करार कधी संपतो याच चिंतेत असते. निर्णय वाहिनीच्या कार्यक्रम विभागात होतो. पाकिटावर 'कार्यक्रम विभाग प्रमुख', खाली वाहिनीचं नाव आणि तिच्या वेबसाइटवरच्या 'संपर्क' पानावर छापलेला पत्ता घाला. माणसाचं नाव घालू नका, या जागांवरची माणसं वरचेवर बदलतात. पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात मालिकेचं नाव ठळक लिहा, म्हणजे पाकीट न फोडताही योग्य टेबलावर जाईल. दुसरी प्रत निर्मिती संस्थेला पाठवा. तिचं नाव श्रेयनामावलीत येतं. टीव्हीवर ती भर्रकन जाते, म्हणून ॲपवर थांबवून वाचा. तिथेच कथाविस्तार, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं दिसतील. एखादा संवाद मनाला लागला असेल तर तो लिहिणाऱ्याच्या नावानं निर्मिती संस्थेच्या पत्त्यावर चार ओळी लिहा. लेखकांना अशी पत्रं फार कमी येतात.

वाहिनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचाही पत्ता सापडेल. तिथे लिहायचा मोह होईल, कारण २०२१च्या नियमांनुसार तक्रारीची पोच २४ तासांत आणि उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. पण ती व्यवस्था पडद्यावरच्या आक्षेपार्ह गोष्टींसाठी आहे. मालिका बंद करणं हा नियमभंग नाही. तुमचं पत्र तिथे गेलं तर "हा विषय आमच्याकडे येत नाही" एवढंच उत्तर मिळेल आणि प्रकरण मिटलं अशी नोंद होईल.

आता मजकूर. ३०० सारख्या कागदांवर ३०० सह्या आल्या, तर वाचणारा वरचा एक कागद वाचतो आणि बाकीचा गठ्ठा बाजूला सरकवतो. त्याच्या दृष्टीनं ते एकच पत्र असतं. शिवाय मालिका कधीच न बघणाऱ्या काकांनी शेजारधर्म म्हणून केलेली सही त्यात असते, आणि हे त्यालाही ठाऊक असतं. ४० जणींनी आपापल्या अक्षरात, आपापल्या शब्दांत लिहिलेली ४० पत्रं मात्र ४० भरतात. अक्षर वाकडं असलं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल. उलट फार सफाईदार पत्र आलं की कुणीतरी लिहून दिलंय असा संशय येतो.

एका पानाच्या वर जाऊ नका, दीडदोनशे शब्द पुष्कळ झाले. पहिल्याच दोन ओळींत मालिकेचं नाव आणि तुमची मागणी आली पाहिजे. "आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे" यात अर्धं पान घालवू नका. मग तुम्ही कोण ते: गाव, तालुका, जिल्हा, घरात किती माणसं, त्यांची वयं, मालिका केबलवर बघता की मोबाइलवर, एकट्या बघता की चारजणी मिळून. त्यानंतर एक प्रसंग, एकच. शेवटी मागणी पुन्हा एका वाक्यात, सही, पूर्ण पत्ता, पिन कोड. ५९१ ने सुरू होणारा पिन दिसला की पत्र कर्नाटकातून आलंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रसंगाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक पत्रं इथेच मोघम होतात. समजा एकीनं लिहिलं:

"आपली मालिका खूप छान आहे. सर्वांचा अभिनय उत्कृष्ट आहे. आमच्या घरी सर्वांना आवडते. कृपया बंद करू नये."

यात मालिकेचं नाव बदललं तर हेच पत्र कुठल्याही मालिकेला चालेल. वाचणाऱ्याला यातून काय मिळालं? आता हे बघा:

"आमच्या घरी सासूबाई (७१), मी (४३) आणि मुलगी (१२) बघतो. शेजारच्या दोघी आमच्याकडेच येतात, त्यांच्या केबलवर आपली वाहिनी येत नाही. गेल्या महिन्यात मोठी जाऊ कर्जाचा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवते तो भाग झाला, तेव्हा सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बारीक करायला लावला आणि आपल्या माहेरच्या जमिनीची गोष्ट आम्हाला पहिल्यांदा सांगितली. मुलगी कन्नड शाळेत शिकते. 'तारण' म्हणजे काय हे तिनं त्या दिवशी विचारलं. साडेदहाला सासूबाई आणि मुलगी झोपलेल्या असतात. दुपारी भाग पुन्हा दाखवलात तर आम्ही पाचहीजणी बघू."

यात माणसं किती, वयं काय, शेजारच्या घरांत वाहिनी पोचत नाही, कोणता भाग लागला आणि काय हवंय, हे सगळं आलं. हे जसंच्या तसं उतरवू नका हं, नाहीतर तुमची झेरॉक्स होईल. प्रत्येकीनं आपल्या घरातलं लिहायचं. एका दुपारी संघात जमा, फळ्यावर चार प्रश्न लिहा (घरात कोण बघतं, कसं बघता, कोणता प्रसंग लक्षात राहिला, काय हवंय) आणि मग एकमेकींच्या कागदात न डोकावता लिहायला बसा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि दुसरीनं लिहावं, पण बोलल्यासारखंच. "आमी जेवान करून बसतो की" असं त्या म्हणाल्या तर तसंच लिहा, सुधारू नका. खाली त्यांचा अंगठा किंवा सही आणि "लेखनिक" म्हणून लिहिणारीचं नाव घाला. संघात कन्नड बोलणाऱ्या ज्या सुना मालिका बघतात, त्यांची पत्रं तर आवर्जून घ्या. त्यांनी कन्नडमध्ये लिहावं आणि खाली दोन ओळींत मराठी सारांश जोडावा. मराठी मालिका कन्नड घरातून आलेली सून बघते आणि तिच्यामुळे घरची मराठी शिकते, ही माहिती वाहिनीला फार मोलाची वाटेल.

भाच्याच्या पत्रात सीमाभागातल्या मराठी माणसावरच्या अन्यायाबद्दल मोठा परिच्छेद आहे. त्यामागची भावना मला कळते आणि ती खोटी नाही. तरी तो परिच्छेद या पत्रात नको. कार्यक्रम विभागातल्या माणसाच्या हातात मालिकेची वेळ आहे, सीमाप्रश्न नाही. तो परिच्छेद दिसला की पत्र त्याच्या टेबलावरून दुसरीकडे जाईल आणि तुमची मागणी मागे पडेल. आपण कुठे राहतो ते मात्र ठणकावून लिहा. मुलं कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात आणि चांगली मराठी त्यांच्या कानावर रोज पडते ती या मालिकेतून, हे खरं असेल तर तेही लिहा.

टाळायच्या गोष्टी आणखी आहेत. दुसऱ्या मालिकेला नावं ठेवू नका, ती त्याच माणसानं निवडलेली असते. "केबल तोडू", "वाहिनीवर बहिष्कार" असल्या धमक्या नकोत. पुढची कथा कशी असावी ते सुचवू नका, कारण उद्या "आमची कल्पना चोरली" असा वाद नको म्हणून बाहेरून आलेल्या कथा न वाचण्याकडे निर्मिती संस्थांचा कल असतो. आणि टीआरपीचा मीटर कुणाच्या घरी आहे हे शोधायच्या भानगडीत कुणी पडू नये. ती घरं गुप्त ठेवलेली असतात. २०२० मध्ये मीटरच्या घरांना पैसे दिल्याच्या आरोपांवरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता.

पोस्टाचं सांगते. ए-४ आकाराचा साधा कागद सुमारे ५ ग्रॅमचा असतो. दोन कागद आणि साधं पाकीट २० ग्रॅमच्या आत बसतं, त्याला ५ रुपयांचं तिकीट पुरतं. फोटो किंवा जाड पाकीट घातलंत तर पोस्टात वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं की पत्र नॉटपेड होतं, कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडे मागतात, आणि कार्यालयं अशी पत्रं सरळ परत पाठवतात. चारच ओळी लिहायच्या असतील तर ५० पैशांचं साधं पोस्टकार्डही चालेल. स्पर्धा पोस्टकार्ड स्पर्धांच्या उत्तरांसाठी असतं, मत कळवायला ते लागत नाही.

सगळी पत्रं एका पार्सलात घालू नका. प्रत्येकीनं आपलं पाकीट वेगळं टाकावं आणि दोन आठवड्यांत रोज तीनचार निघतील असं बघावं. एका दिवशी आलेला गठ्ठा एकदाच बघितला जातो. रोज येणाऱ्या पत्रांचा विषय कार्यालयात रोज निघतो. याशिवाय संघाच्या अध्यक्षांच्या सहीचं एक मुख्य पत्र करा: गावाचं नाव, ४० जणींपैकी किती घरांत वाहिनी येते, किती मोबाइलवर बघतात, किती जणी साडेदहामुळे बघायच्या थांबल्या, आणि मागणी. आकडे खरे द्या, फुगवू नका. "३० घरांत वाहिनी येते, १० जणी मोबाइलवर बघतात" असा खरा आकडा "शेकडो प्रेक्षक" यापेक्षा जास्त पटतो. हे एकच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, म्हणजे पोचल्याचं कळेल. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिळवलं गेलंय. तोच मजकूर ई-मेलनंही पाठवा, विषयाच्या जागी मालिकेचं नाव आणि "दुपारच्या पुनःप्रसारणाची विनंती" एवढं लिहून.

आता ज्याचा विचार बहुतेक चाहते करतच नाहीत ते: जाहिरातदार. नियमानुसार तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात आणि मालिकेचा सगळा डोलारा त्या मिनिटांवर उभा असतो. आठवडाभर वही घेऊन बसा. मालिकेच्या सुरुवातीला प्रायोजक म्हणून कोणाचं नाव येतं आणि प्रत्येक ब्रेकमध्ये कोणती वस्तू पुन्हापुन्हा दिसते ते टिपा. पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या बेळगावच्या साडीच्या दुकानांच्या नि सराफांच्या पट्ट्या केबलवाल्यानं लावलेल्या असतात, त्या सोडून द्या. मग स्वयंपाकघरात जा. मसाल्याचं, चहाचं, कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीट उलटं करा. ग्राहक सेवेचा पत्ता, फोन आणि ई-मेल तिथे बारीक अक्षरात असतो, तो छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. जी वस्तू खरंच घरात वापरता तिच्याच कंपनीला लिहा: "आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. तुमची पावडर दर महिन्याला दोन किलो घेतो. तुमची जाहिरात आम्हाला या मराठी मालिकेत दिसते. वेळ बदलल्यानं आता दिसेनाशी झाली." एवढंच, वस्तूचं अवास्तव कौतुक नको. बेळगाव जिल्हा म्हटला की जाहिरातीचं गणित कन्नड वाहिन्यांपुरतं मांडलं जाणं सोपं असतं. आपला माल घेणारं घर मराठी वाहिनीही बघतं, हे कंपनीला तुमच्या पत्रातूनच कळेल.

निपाणी-बेळगावची कॉलेजातली मुलंही हे वाचत असतील, त्यांना एवढंच सांगते: अधिकृत पानावरच्या प्रोमोखाली नुसते हृदयाचे इमोजी टाकण्यापेक्षा गाव आणि बघायची वेळ लिहून एक पूर्ण वाक्य टाका. एकाच माणसानं दहा खात्यांवरून तेच लिहिलेलं लगेच ओळखू येतं आणि बाकीच्यांची खरी मतंही त्यासोबत संशयात जातात.

उत्तर येईलच असं नाही. बहुतेक वेळा येत नाही, त्यावरून पत्र वाचलंच नाही असं समजू नका. तीन आठवडे थांबून अध्यक्षांनी पहिल्या पत्राची तारीख देऊन चार ओळींचं स्मरणपत्र पाठवावं, त्यापुढे नको. आणि मागणी मान्य होऊन दुपारचा भाग सुरू झाला, तर संघातल्या सगळ्यांनी तो खरोखर बघायला हवा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या 'जेरिको' या मालिकेच्या चाहत्यांनी सीबीएस वाहिनीला टनांनी शेंगदाणे पाठवून ती परत आणायला लावली. सात नवे भाग झाले, पण प्रेक्षक पुरेसे जमले नाहीत आणि २००८ मध्ये वाहिनीनं ती पुन्हा बंद केली. तुमच्या बाबतीत बघणं म्हणजे वाहिनीची वर्गणी चालू ठेवणं आणि ॲपवर भाग शेवटपर्यंत बघणं, कारण तुमचं बघणं तिथेच नोंदलं जातं.

येत्या रविवारी संघाची बैठक असेल तर त्याच दिवशी लिहायला बसा. पाकिटं, तिकिटं आणि वाहिनीचा पिनसकट पत्ता आधी आणून ठेवा. आणि भाच्याला मुख्य पत्राचे आकडे गोळा करायला लावा, कॉम्प्युटर त्याच कामाला येईल.